सूर हलते का?

आमच्या घरात कुठलीही वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय आत येत नसे. माय बाजारातून मडकं आणायची, तर बाबा ते दारातच हातात घेऊन बोटाच्या पेरानं ठोकायचे, कान लावायचे आणि बहुतेक वेळा तोंड वाकडं करून परत करायला लावायचे. पाण्याचा पितळी गुंड, बाजेचा लाकडी पाय, एकदा तर पाहुण्यांनी आणलेलं टरबूज, सगळ्यांची अशी झडती व्हायची. टरबूज आणणारे पाहुणे मायच्या माहेरचे होते, त्यामुळे त्या दिवशी घरात बरंच काही झालं. मायचा स्वभावही काही कमी संशयी नव्हता, पण तिचा संशय माणसांवर असायचा आणि बाबांचा आवाजांवर. या दोघांच्या मधोमध मी वाढले. भोळेपणा माझ्या वाट्याला आला नाही, त्याचं कारण हेच असावं.

बाबा हार्मोनियम दुरुस्त करायचे. आमच्याकडे तिला कुणी हार्मोनियम म्हणत नसे, पेटीच म्हणत. शहापुरातलं आमचं घर हमरस्त्यापासून आत, एका राईस मिलच्या मागल्या भिंतीला लागून होतं. लाखांदुराकडून, पार आतल्या खेड्यांतून भजनी मंडळांच्या, दंडारीचे खेळ करणाऱ्यांच्या, गायन पार्ट्यांच्या पेट्या एसटीच्या टपावरून आमच्या दारात यायच्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाच्या पट्ट्या उंदरांनी कुरतडलेल्या. ती कामं बाबा शेजारणीशी गप्पा मारता मारता करून टाकायचे. त्यांचं खरं काम सूर लावण्याचं. पेटीच्या पोटात पितळेच्या पातळ जिभा असतात, त्यांनाच आम्ही सूर म्हणायचो. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही, म्हणून बाबा कानस हातात घेतली की घरात कुणी भांडं आपटायचं नाही, कुणी मोठ्यानं खोकायचं नाही. मिलला तेवढं कुणी सांगू शकत नव्हतं. ती सकाळी आठला सुरू व्हायची आणि दिवस मावळेपर्यंत भडभडत राहायची, आणि तिच्यातून उडालेला धानाचा कोंडा आमच्या भातात, वरणात, केसांत, पेट्यांच्या पोटात जाऊन बसायचा.

बाबांची एक अट होती. नुसती पेटी ठेवून जायची नाही, तिच्यावर गाणारा माणूस सोबत आणायचा. तो गायक आमच्या चटईवर बसायचा, चहा प्यायचा, आणि बाबा त्याच्याकडून एकेक सूर पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचे. "पुन्हा म्हन. पुन्हा." मग त्याच्या गळ्याला धरून पितळ घासायचे. त्यामुळे बाबांच्या हातून गेलेली पेटी त्या एका माणसाच्या उंचीवर अशी गोड लागायची की ऐकणारा गप्प व्हायचा. पण दुसरा कुणी चार पट्ट्या वरून गायला लागला, की तीच पेटी आंबट व्हायची. दुकानातल्या पेट्या तशा नसतात. त्यांत बाराही सूर सारख्या अंतरावर लावलेले असतात, कुठूनही गा, चालून जातं. बाबांना ते चालत नसे. ते म्हणायचे, "दुकानची पेटी सगळ्यायसंग थोडं थोडं खोटं बोलते. माही एकासंगच बोलते, पन खरं बोलते."

आमच्या घरची पेटी तुळशीराम काकांच्या गळ्यावर लावलेली होती. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आमच्या गायन पार्टीचे मुख्य गायक. धम्माची गाणी, लग्नातली गाणी, बारशाची गाणी, सगळं ते म्हणायचे. बाबा पेटीवर, वस्तीतला एक जण ढोलकीवर, आणि मागे कोरसला आम्ही तीन बाया. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. माझा गळा चांगला आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण मी पुढे बसून गायला लागले की पेटी माझ्याशी भांडायची. माझी उंची काकांच्या चार पट्ट्या वर. "तुह्यासाठी येक पेटी लावीन," असं बाबा मी दहा वर्षांची असल्यापासून म्हणत होते. काका तर स्पष्टच म्हणायचे, "उद्या सासरी जानाऱ्या पोरीच्या गळ्यावर कोन पेटी लावते, भाऊ?" बाबा मान खाली घालून पितळ घासत राहायचे. मला संशय यायचा की मनातून त्यांनाही ते पटतं.

अशात एके रविवारी वरठीहून विलास नावाचा एक पोरगा आला. तिथं स्टेशनाजवळ त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सायकलच्या कॅरिअरवर चादरीत गुंडाळून त्यानं एक प्लायवूडचा डबा आणला होता. रेडिओचे जुने भाग आणि एका मोडक्या पेटीच्या पट्ट्या घेऊन त्यानं ती विजेची पेटी स्वतः तयार केली होती, आणि आमच्या पार्टीत ती वाजवायला मिळावी अशी त्याची इच्छा होती. आल्या आल्या त्यानं बाबांना "मामा" म्हटलं. आमच्याकडे मामाच्या पोरीशी लग्न होतं, त्यामुळे तो शब्द ऐकताच आत भाजी चिरणाऱ्या मायचा विळा थांबला. ती सूप घेऊन दारात तांदूळ निवडायला येऊन बसली, ती पुढे प्रत्येक रविवारी बसली.

विलासनं वायर जोडली, एक पट्टी दाबली आणि टिनाच्या डब्यात बसवलेल्या स्पीकरमधून लांबलचक सूर निघाला. बाबांनी आधी डबा पेरानं ठोकून पाहिला. मग पट्ट्यांसमोर तळहात धरला.

"वारा कोठून येते?"

"वारा नाई मामा. बिजली हाय."

"वारा नाई त वाजते कायनं?"

विलास समजावून सांगायला लागला, पण बाबांचं लक्ष नव्हतं. ते वाकून बाजेखाली पाहत होते, तिथं कुणी पेटी घेऊन बसलंय का म्हणून. मग स्पीकरच्या मागे, मग चादरीखाली. आज हसू येतं. माझा नातू लॅपटॉपमधून सारंगी, शहनाई, ढोलकी हवं ते काढतो आणि मला ऐकवतो, तेव्हा मीसुद्धा कधी कधी उगाच त्याच्या टेबलाखाली पाहते. तो म्हणतो, आजी, काय शोधतेस? मी म्हणते, काही नाही.

विलासनं मग माझ्याकडे न पाहता, मायच्या सुपाकडे पाहत विचारलं, "ह्या कोनत्या सुरात गातेत? तेथून दाबून पाहा म्हना." मी पुढे सरकले. माझ्या उंचीवरची पट्टी दाबली, तिच्या वरच्या दाबून पाहिल्या. सगळे सूर जागच्या जागी होते. कुणी माझ्याशी भांडत नव्हतं. मी डोळे मिटून एक अख्खं गाणं म्हटलं, माझ्या उंचीवर, आयुष्यात पहिल्यांदा, आणि शेवटच्या ओळीला मला रडू फुटलं. तो आवाज काही सुंदर नव्हता, भिंतीमागच्या मिलसारखाच कोरडा होता, पण त्यात मला जागा होती. डोळे उघडले तर काका दारात उभे होते, कधी आले कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, "हे गानं होये का दवाखान्याची मशीन होये?"

त्यानंतर विलास दर रविवारी दुपारी येऊ लागला. माय त्याला लाखोरीच्या डाळीचं वरण, भात आणि अंबाडीची भाजी वाढायची आणि समोर बसून तो जेवतो कसा ते बघायची. तो गेल्यावर बाबांना सांगायची, "खाता खाता इकडं तिकडं पाह्यतच नाई वो. लई हुशार हाय." म्हणजे पाहिलं असतं तरी दोष आणि न पाहिल्याचाही दोष. काकांना वाटायचं की या पोराला हळूहळू अख्खी पार्टी घशात घालायची आहे. विलासला वाटायचं की काका एखाद्या दिवशी त्याच्या डब्यात पाणी ओततील, म्हणून तो चहाचा कपसुद्धा स्वतःच्या हातानं लांब ठेवायचा. आणि मला सगळ्यांवर संशय होता, की यातला कुणी ना कुणी तो डबा माझ्यापासून काढून घेणार.

बाबा मात्र बदलत गेले. पेटी आणि मशीन शेजारी शेजारी वाजवून पाहिली, तर षड्ज जुळायचा, पण गंधार आणि धैवत एकमेकांना टोचायचे. साहजिकच होतं, एक काकांच्या गळ्यावर घासलेली, दुसरी सगळ्यांना सारखी. बाबा रोज दुपारी नुसते ते टोचणं ऐकत बसायचे. विलासनं मशीन आमच्याकडेच ठेवली होती. दहा-बारा दिवसांनी जेवताना बाबा म्हणाले, "पेटी मशीनवर लावतो." काकांचा घास हातातच राहिला.

"भाऊ, माही पेटी घासनार तुमी? त्या डब्ब्यासाठी?"

"डब्ब्यात काई वाईट नाई, तुळशीराम. उघडा हाय तो, आवाजाले अंग नाई त्याच्या. पेटीचं अंग देल्लं त भरून येईन. मी ऐकलं हाय." मग ताटाकडे बघत, माझं नाव घेऊन म्हणाले, "बुद्ध पौर्निमेच्या कार्यक्रमाले शिला पुढं बसन."

हे मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिते आहे, कारण आज बाबांविषयी गावात वेगळंच सांगतात. त्यांना ते मिश्रण ऐकू आलं होतं. विजेच्या सुराला पितळेच्या सुराचं अंग द्यायचं, दोघांनी एकाच श्वासात निघायचं, म्हणजे कुठला सूर कुणाचा हे कळू नये, हे त्यांच्या डोक्यात पूर्ण तयार होतं. त्यासाठी आयुष्यभर ज्याला ते खोटं म्हणत आले, त्या सारख्या अंतरांवर आपली सर्वांत लाडकी पेटी घासायला ते बसले. काका आठ दिवस आमच्या घरी जेवले नाहीत.

आता मिलकडे येते. मिल सुरू झाली की आमच्या घरातला बल्ब लालसर व्हायचा, बंद झाली की लख्ख. वस्तीतल्या सगळ्यांना ते सवयीचं होतं, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. एका दुपारी मी एकटीच मशीनची एक पट्टी दाबून तिच्याबरोबर सूर लावत होते. मिलचा पट्टा उतरला असावा, भडभड अचानक थांबली, आणि माझ्या गळ्याखालून मशीनचा सूर वर सरकला. थोडासाच. पण लागलेला गळा ते चुकवत नाही. पट्टा चढला, मिल सुरू झाली, सूर पुन्हा खाली बसला. दोन-तीन दिवस मी पाळत ठेवली. बल्ब आणि सूर बरोबरीनं हलत होते. वरठीच्या दुकानात विलासला हे कधी जाणवलं नाही, कारण तिथं मिल नव्हती, आणि त्याचा कान तसा मेकॅनिकचा कान होता.

मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरात पेटी फाटकी असली तर चालत होती, जुनी, कुरतडलेली चालत होती. हलणारा सूर ही एकच गोष्ट बाबा माफ करत नसत. त्यांना कळलं असतं तर मशीन त्याच दिवशी सायकलवर चढली असती आणि मी पुन्हा मागच्या रांगेत. विलासला सांगितलं तर तो बाबांना सांगेल, अशी भीती. हे तेव्हाचं माझं गणित, आज त्याला काय म्हणायचं ते म्हणा.

रविवारी दुपारी बाबा ओसरीवर पेटी उघडून बसले. विलास मशीनची पट्टी दाबून धरी, बाबा ऐकत, सूर काढत, कानशीनं हलकेच दोनदा ओढत, परत बसवत. अर्धीअधिक पेटी झाली होती. मध्येच मिल थांबली. बाबांनी मान वर केली. कानस हवेतच होती.

"शिले, सूर हलते का?"

विलास हसला. "मशीन हाय मामा. मशीनचा सूर कसा हलन?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "शिले, तुले विचारून राहिलो."

"नाई बाबा," मी म्हटलं.

"नाई?"

"नाई."

त्यांनी करंगळी कानात घातली आणि आंघोळ करताना पाणी गेल्यावर हलवतात तशी हलवली. एवढ्यात मिल सुरू झाली. सूर खाली बसला. बाबा क्षणभर तसेच थांबले, मग वाकून घासायला लागले. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळी पेटी लावून काढली. शेवटी दोन्ही एकदम वाजवली तेव्हा खरोखरच अंगावर काटा आला. पितळ आणि वीज, दोन्हींचा मिळून एक तिसराच आवाज झाला होता. दारातल्या मायनं सूप खाली ठेवलं. मी इतकी वर्षं गाते आहे, नंतर मोठमोठे कीबोर्ड सोबत घेऊन गायले, पण तसा आवाज पुन्हा ऐकला नाही.

त्या आठवड्यापासून बाबांनी कामं घ्यायचं बंद केलं. लाखांदुराकडून एक भजनी मंडळ पेटी आणि बुवा घेऊन आलं, बाबांनी त्यांना चहा पाजला आणि हात दुखतो म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनाही पाठवलं. मायचा संशय डब्यावर. "जवापासून हा डब्बा घरात आला, तवापासून यायचा जीव कशातच लागून नाई राहिला." काकांना वाटलं भाऊ आता मशीनवाला झाला, पितळ घासायची लाज वाटते. बाबा दिवसभर अंगणात बसायचे आणि एकच मडकं ठोकायचे. एकदा उजवा कान, एकदा डावा. गजराचं घड्याळ याही कानाला, त्याही कानाला. माय विचारायची, "काय ऐकून राहिले वो?" ते म्हणायचे, "काई नाई." मी हे सगळं पाहत होते. त्याचा अर्थ लावायचं मी टाळत होते, हे कबूल केलं पाहिजे.

बुद्ध पौर्णिमेच्या सकाळी जाग आली तीच शांततेनं. कार्यक्रम विहारासमोरच्या मांडवात होता. मिलवर काम करणारे बहुतेक सगळे आमच्याच वस्तीतले, सगळ्यांनी सुटी मागितली, म्हणून मालकानं दिवसभर मिलच बंद ठेवली होती. आमचं गाणं ऐकायला माणसं येणार म्हणून मिल बंद. अंथरुणात पडल्या पडल्या मला समजलं, आज मशीनचा सूर दिवसभर चढलेला राहणार. तेव्हाही सांगायला वेळ होता. मी उठले, निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसले आणि मांडवात जाऊन पुढे बसले.

मोठ्या पातेल्यांत खीर शिजत होती, वेलचीचा वास येत होता. बायकांनी मला पुढे बसलेलं बघून एकमेकींना कोपरं मारली. विलासनं मशीन लावली. बाबांनी भाता ओढला. दोघांनी एकाच वेळी पहिला सूर दिला, आणि त्या दोन सुरांच्या मध्ये जो थरथराट उठला तो ढोलकीवाल्यालाही कळला. त्यानं हात आवरला. पुन्हा दिला, पुन्हा तेच. विलासचा चेहरा उतरला. त्यानं वायर हलवली, एकेका पट्टीचा सूर धरणारा पेच बघितला, आणि मग भर मांडवात बोलला, "मामा, तुमी पेटीचे सूर उतरवून आनले का?"

काका मागून ताडकन उठले. "माह्या भावावर आळ घेतं? तूच रातच्यानं पेच फिरवला असन!" त्यांनी वायर धरून ओढली. पुढची पाच मिनिटं कोण काय बोललं ते माझ्या लक्षात नाही. काका पुढे येऊन बसले. पेटी आता त्यांचीही राहिली नव्हती, म्हणून नुसत्या ढोलकीवर गायले, आणि छान गायले. बाबांनी पेटीचा भाता मिटला, तिला चादरीत गुंडाळलं आणि खीर न खाता घरी निघून गेले.

दुपारी आमच्या ओसरीवर भांडण पेटलं. विलास म्हणत होता की मामांनी मुद्दाम पेटी चुकीची घासली, त्यांना मशीन लोकांपुढे पाडायचीच होती. काका म्हणत होते की हा पोरगा चोर आहे. माय म्हणत होती की याचा डोळा सुरुवातीपासून पोरीवर होता. मी आतल्या खोलीत गेले. बाबा अंधारात पेटीजवळ बसले होते. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "शिले, माहा कान गेला."

मी दार लोटून घेतलं.

"त्या दिवशी मले सूर हलल्यासारखा वाटला. तू म्हनली नाई हलत. तुहा कान कवळा हाय, माहा म्हातारा. तवाच समजलं. ज्याले ऐकू येत नाई त्यानं लोकायचं पितळ घासू नाई, म्हनून सगळ्यायले वापस पाठोलं. पन ही पेटी अर्धी होऊन गेल्ती. आज पाह्यलं न काय झालं ते."

ते रडत नव्हते. घरातला माणूस गेल्याची बातमी सांगावी तसं सांगत होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"बाबा, सूर हलत होता."

"कोनता?"

"मशीनचा. मिल बंद झाली का चढते, सुरू झाली का उतरते. मले पह्यलेच समजलं होतं. मी खोटं बोलली."

मला वाटलं आता थोबाडीत बसेल. बाबा म्हणाले, "पुन्हा म्हन."

मी पुन्हा म्हटलं. ते डोळे मिटून ऐकत होते. "पुन्हा." तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फुटला. मग ते उठले, धोतर झटकलं आणि ओसरीवर गेले. मी दाराआड उभी राहिले.

"पोराचा दोष नाई," ते मोठ्यानं म्हणाले. त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी पहिल्यासारखा निघाला होता. "मिलच्या लाइनीनं मशीनचा सूर हलते. मले ऐकू आलं होतं. त्याच दिवशी ऐकू आलं होतं!"

केवढा आनंद होता त्या वाक्यात. कान परत मिळालेल्या माणसाचा आनंद. पण ओसरीवर कुणालाच तो समजला नाही. विलास सावकाश म्हणाला, "ऐकू आलं होतं मामा? मंग बोलले काहून नाई?"

माय बाबांकडे पाहत होती. काका पाहत होते. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाचा सूर बिघडवला नाही, त्याच्याकडे तिघंही, मडक्याला चीर असल्यासारखं पाहत होते. बाबांनी मान वळवली आणि दाराकडे, माझ्याकडे बघितलं. एक श्वास भरेल एवढा वेळ. मला पाऊल उचलायचं होतं, दोन शब्द बोलायचे होते. मी दाराची कडी धरून उभी राहिले.

"नाई बोललो," बाबा म्हणाले. "बस."

विलासनं मशीन सायकलवर बांधली आणि गेला. पुढे त्यानं म्हणे व्होल्टेज सांभाळणारा एक भाग तिच्यात बसवला आणि वरठीच्या एका पार्टीत तो वाजवायला लागला. आमच्या गावाच्या बाजूला तो पुन्हा फिरकला नाही. बाबांनी पुढच्याच आठवड्यात एका भजनी मंडळाची पेटी लावायला घेतली. आणि ती घासलेली पेटी, जिच्यात आता सगळे सूर सारख्या अंतरावर होते, जी कुणाच्याही गळ्याला चालत होती, ती त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "आता ही तुहीच," म्हणाले. तीच घेऊन मी पुढल्या रांगेत बसले, तीच घेऊन सासरी गेले, आणि तिच्याच जोरावर आज लोक मला गायिका म्हणतात. अजून ती माझ्याकडे आहे. नातवानं मोबाईलवर सूर मोजून पाहिले. सगळे नेमके थोडे थोडे उतरलेले निघाले, चालू मिलच्या सुरात. तो म्हणाला, आजी, ही पेटी बेसूर आहे. मी म्हटलं, असेल.

त्या दुपारबद्दल बाबा माझ्याशी कधीही बोलले नाहीत, मायला काही सांगितलं असेल असंही वाटत नाही. गावानं मात्र आपली गोष्ट तयार केली. सुरुवातीला ती संशयाची होती, की म्हाताऱ्यानं गप्प राहून पोराला फसवलं. जसजशी वर्षं गेली, मांडवामांडवात कीबोर्ड आले, पेट्या माळ्यावर गेल्या, तसतशी ती गोष्ट अभिमानाची होत गेली. बाबांच्या शोकसभेत काकांनी तीच सांगितली. माझ्या भावाला मशीनचा खोटेपणा पहिल्याच दिवशी ऐकू आला होता, ते म्हणाले, पण तो बोलला नाही, त्यानं तिला भर मांडवात उघडं पडू दिलं, शेवटपर्यंत खऱ्या सुराशी तडजोड केली नाही. लोक माना डोलावत होते. आणि मला दिसत होते ओसरीवर वाकून बसलेले बाबा, मशीनसाठी आणि माझ्यासाठी आपलं खरं पितळ घासून काढणारे.

मग माईक माझ्या हातात दिला, चार शब्द बोला म्हणाले. मी उभी राहिले, गर्दीकडे पाहिलं, आणि गाणं म्हटलं. संपल्यावर काका काठी टेकत जवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बापाचा खरेपना पोरीच्या गळ्यात उतरला हाय."

मी हात जोडले.